एक बेल, दोन बेल

गावंडेकाकांच्या मागून कोणी एकदाच घंटी वाजवली, की काका जागच्या जागी थांबायचे. रस्ता कोणताही असो, चढ असो, उतार असो, मागून येणारा किती का वेगात असेना; एक घंटी कानावर पडली की दोन्ही ब्रेक दाबून काका उभे. आणि एकदा उभे राहिले की दोनदा घंटी वाजल्याशिवाय हलायचं नाव नाही. ही गोष्ट मला कोणी सांगितली नाही. मी ती त्यांच्या अंगावर पडून शिकलो.

हे पडणं अकोल्यात झालं असतं तर त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. आमच्याकडे रोज कोणी ना कोणी कोणाच्या तरी अंगावर पडतंच. पण हे झालं लंडनमध्ये. मी मूळचा अकोल्याचा. कंपनीनं दोन वर्षांसाठी तिकडे पाठवलं होतं. बायको तिच्या नोकरीमुळे अकोल्यातच, आणि मी तिकडे एका खोलीत. सुट्टीचा दिवस खायला उठायचा, म्हणून मी सायकल घेतली. बारीक टायरची, वजनाला हलकी, रेसवाल्यांची असते तशी. तिच्यामागोमाग अंगाला चिकटून बसणारे कपडेही घेतले. त्या कपड्यांत आईनं मला पाहिलं असतं तर आधी अंगावर चादर टाकली असती आणि मग विचारपूस केली असती.

खोलीपासून जवळच एक भलंमोठं उद्यान होतं. उद्यान म्हणजे आपल्याकडची घसरगुंडी आणि कारंज्याची बाग नव्हे. आत जंगल, तळी, मोकळी हिंडणारी हरणं, आणि या सगळ्याभोवती गोल फिरून येणारा डांबरी रस्ता. सकाळी तिथे सायकलवाल्यांची नुसती रीघ लागायची. त्या रीघेत एक गृहस्थ माझ्यापुढे संथपणे चालले होते. मी शिस्तीत उजवीकडून पुढे जायचं ठरवलं आणि सूचना म्हणून एकदा टिंग केलं. गृहस्थ थांबले. हळूहळू नाही, थांबलेच. मी त्यांच्या मागच्या चाकावर, तिथून त्यांच्या पाठीवर आणि तिथून गवतात गेलो. आता इंग्रजीत माफी मागावी की इंग्रजीत भांडावं, याचा विचार करत पडलो होतो, तेवढ्यात वरून आवाज आला.

"एक बेल काहून देल्ली बे?"

घरापासून इतक्या लांब, परक्या गवतात पालथं पडलेलं असताना 'काहून' कानावर पडणं ही काय चीज आहे ते वऱ्हाडी माणसालाच कळेल. मी तोंड वर न करताच म्हणालो, "मंग किती द्या लागतात?"

वरून एक हात खाली आला. "ऊठ लेका. कोन्या गावचा?"

मला उठवून त्यांनी आधी माझी सायकल तपासली, मग मला. मग शाळेतल्या पोराला सांगावं तसं सांगितलं, "हे पाय. एक बेल म्हनजे थांबा. दोन बेल म्हनजे चाला. तुले पुढं जा लागते तं दोन दे. एक देशीन तं मी थांबनच."

"पन काका, अठी असं काही नसते."

"अठी नसन. माह्याजवळ असते."

नामदेवराव गावंडे, राहणार अमरावती, एसटीतले निवृत्त कंडक्टर. सगळी नोकरी अमरावती ते अकोला आणि अकोला ते अमरावती. मुलगी मेघा लंडनमध्ये नोकरीला, तिचं पहिलं बाळंतपण, म्हणून काका आणि विमलकाकू सहा महिन्यांसाठी आले होते. काकूंना तिथे काम होतं. बाळ होतं, बाळंतीण होती, शेक होता, डिंकाचे लाडू होते. काकांना मात्र कोणी काही सांगेना. "मी घरात म्हनजे स्टँडात लावून ठेवलेली गाडी," ते म्हणायचे, "ना लाइनवर, ना वर्कशॉपमधी."

सुरुवातीला ते वेळ घालवायला बसने हिंडत. पण तिथल्या बसमध्ये कंडक्टरच नसतो, हे त्यांना काही केल्या पचेना. "ड्रायव्हर एकलाच बसून राहते समोर. मागून कोनी सांगनारं नाई का बाप्पा, सगळे चढले, आता चाल. एकल्या मानसानं काय काय पाहाव?" एक गोष्ट मात्र त्यांना पसंत होती. उतरायचं असलं की तिकडे दांडीवरचं लाल बटण दाबतात, एकदा टिंग होतं आणि पुढच्या थांब्यावर बस थांबते. "एक बेल म्हनजे थांबा, हे त्या साहेबाले बी मालूम हाय," असं म्हणून ते खूश व्हायचे.

अडचण पुढे व्हायची. बस थांब्यावर उभी, माणसं चढून झालेली, आणि चला म्हणणारं कोणी नाही. काकांच्याने ते बघवेना. एके दिवशी त्यांनी ते बटण दोनदा दाबलं. ड्रायव्हरला वाटलं कोणाचं उतरायचं राहिलं. त्यानं दार पुन्हा उघडलं. काकांनी मान हलवून पुन्हा दोनदा दाबलं. त्यानं दार लावून पुन्हा उघडलं. असं बराच वेळ चाललं आणि शेवटी तो आपल्या जागेवरून उठून मागे आला. काका सांगायचे, "भला मानूस होता. मी म्हनलं, उस्ताद, टाक गिअर. त्याले काही समजलं नाई बिचाऱ्याले." त्यानंतर मेघानं त्यांचं बसनं फिरणं बंद केलं आणि नवऱ्याची सायकल त्यांच्या हवाली केली.

सायकल माझ्यासारखीच रेसची होती, जावयानं हौसेनं घेतलेली आणि हौस फिटलेली. तिचं खाली वळलेलं हँडल काकांना पटलं नाही. "हे मेंढ्याचे शिंगं कोनं लावले?" म्हणून त्यांनी ते फिरवून वर केलं. डोक्याला कान झाकून रुमाल, रुमालावर हेल्मेट, खाकी पँटच्या उजव्या पायाला रबर. आणि हँडलला सुतळीनं बांधलेली बशीएवढी घंटा. ती सायकलची नव्हती, एसटीची होती. वर छताला दोरी असायची आणि कंडक्टरनं ओढली की ड्रायव्हरच्या डोक्यापाशी वाजायची ती. अमरावतीहून ती त्यांनी पेटीत कपड्यांच्या घडीत घालून नेली होती. विमानतळावर पेटी उघडून हे काय आहे असं विचारल्यावर त्यांनी ती वाजवून दाखवली. एकदाच. मेघा शपथेवर सांगत होती की सगळी रांग थांबली होती.

पडापडीनंतर आमची चांगलीच गट्टी जमली. मला कामावर उशिरा जायची मुभा होती, त्यामुळे सकाळी आम्ही बरोबरच निघायचो. काकांनी त्या रस्त्याचं नीट नामकरण केलं होतं. आम्ही ज्या फाटकातून आत शिरायचो ते अमरावती. पहिलं मोठं वळण म्हणजे बडनेरा. तळ्याकाठचा बाक मूर्तिजापूर, तिथे गाडी चहापाण्याला थांबणार. चढ संपला की बोरगाव मंजू. आणि गोल फिरून त्याच पहिल्या फाटकाशी आलं की अकोला.

"काका, हे तं अमरावतीच झालं परत," मी म्हणालो.

"जातानी अमरावती, येतानी अकोला. दोन्ही गावं एकाच जागी. इतकं बेस आपल्याकडं कुठी जमलं असतं, बाप्पा?" असं म्हणून ते उगाच चेन बघायला खाली वाकले. मी ते गमतीवारी नेलं.

आमच्या शेजारून जे जोरात निघून जायचे ते त्यांच्या भाषेत 'जलद'. आम्ही 'साधी'. साधी गाडी म्हटल्यावर ती सगळीकडे थांबणार. रस्त्याकडेला एखादा म्हातारा कुत्रं घेऊन उभा दिसला तरी काका वेग कमी करून त्याच्याकडे बघायचे, त्यानं हात केला नाही की पुढे व्हायचे. मूर्तिजापूरच्या बाकावर रोज एक गोरी आजीबाई बसलेली असायची. तिच्यापुढे उभं राहून काका पुकारायचे, "मूर्तिजापूर, मूर्तिजापूर. उतरून घ्या." आजीबाई हसून गुड मॉर्निंग म्हणायची. हरणांशी मात्र त्यांचं वाकडं होतं. घंटा वाजली की ती फक्त माना वर करायची आणि रस्त्यातच उभी राहायची. "ना तिकीट ना पास," काका कुरकुरायचे, "अन उभे कसे मधात, मालकावानी."

अकोला आलं की मात्र काकांचा नूर बदलायचा. ते सायकल घेऊन फाटकाजवळच्या एका जुनाट झाडामागे जायचे. खिशातून फोन काढायचा, लावायचा, हँडलपाशी धरायचा. दोनदा घंटा वाजवायची. मग फोन कानाला लावून काहीतरी ऐकायचं आणि एक शब्द न बोलता ठेवून द्यायचा. परत यायचे ते खुशीत. डेपोतल्या जुन्या मित्रांना लंडनहून घंटा ऐकवून शेखी मिरवत असतील, अशी माझी समजूत. एकदा मी थट्टेनं तसं म्हणालोही. काका म्हणाले, "नाई रे. युनूसभाईले फोन असते."

युनूसभाई म्हणजे त्यांचे ड्रायव्हर. मूळचे बाळापूरचे, घर अकोल्यात. दोघं इतकी वर्षं एका गाडीवर होते की ड्युटी लावणारा बाबू त्यांची नावं एका श्वासात घ्यायचा. काका त्यांना उस्ताद म्हणायचे, ते काकांना मास्तर. गंमत अशी की दिवसभर बरोबर असून दोघांचं बोलणं जवळजवळ नाहीच. उस्ताद पुढे जाळीच्या आड, मास्तर मागे गर्दीत. मधे एक दोरी. जे काय बोलायचं ते त्या दोरीनं.

"दोनच शब्द आमचे," काका सांगत होते, "पन दोनात काय नाई येत? मी दोन बेल घाईनं देल्ल्या तं त्याले समजे, मागं कोनाशी भांडन झालं. दमानं देल्ल्या तं समजे, म्हातारं मानूस चढून राहिलं. मेघा झाली त्या दिशी मले बडनेऱ्याच्या स्टँडवर निरोप भेटला. गाडी सुटाची होती, त्याले सांगाले टाइमच नोयता. मी फकत दोन बेल देल्ल्या. मूर्तिजापूरले गाडी लावून तो उतरला, मागच्या दारी आला अन म्हने, मास्तर, लडकी हुई क्या?"

लंडनला आणलेली ती घंटा युनूसभाईंनीच दिलेली. काकांच्या निवृत्तीच्या दिवशी त्यांनी कबाडीवाल्याकडून एका भंगारातल्या गाडीची बेल शोधून आणली आणि म्हणाले, "इसकी आवाज मेरे कान पहचानते, मास्तर. संभालके रखो."

काका लंडनला यायच्या आधीच युनूसभाईंना लकवा मारला होता. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. राहिला डावा हात. पाणीबिणी मागायला घरच्यांनी त्या हातात एक चमचा दिला होता, तो ते लोखंडी पलंगाच्या दांडीवर वाजवायचे. काका फोन करायचे तेव्हा युनूसभाईंच्या पत्नी, म्हणजे काकांच्या भाभी, तो त्यांच्या कानाशी धरायच्या. इकडून दोन बेल जायच्या आणि तिकडून चमच्याचे दोन ठोके यायचे. "दोन आल्या म्हनजे चालू हाय," काका म्हणाले. रोज अमरावतीहून निघून ते अकोल्याला पोचायचे ते एवढ्यासाठी. मी उगाचच माझ्या टायरमधली हवा बघितली.

झाडांची पानं पिवळी पडू लागली तेव्हाची गोष्ट. अकोला आलं, काका झाडामागे गेले आणि त्यांनी मला हाक मारली. फोनचा आवाज मोठा केला आणि दोन बेल दिल्या. तिकडून एक ठोका आला. आम्ही दोघं तसेच उभे. सायकलवाले शेजारून जात होते. दुसरा ठोका येईना. भाभींचा आवाज आला, "बजाओ जी, मास्तर है." मग कितीतरी वेळानं, अगदी बारीक, दुसरा आला.

काकांनी फोन ठेवला. "पाह्यलं? दोहीच्या मधात किती वेळ जाऊन राहिला. रोज वाढून राहिला. पहिली आली का मी दुसरीची वाट पाहातो, येते का नाई."

"मंग जा ना काका तुमी. तिकीट बदलून घ्या."

"पुढच्या महिन्यात मेघा कामावर जाईन. कसं म्हनू तिले? पोरीले वाटन, नातीपेक्षा बापाले ड्रायव्हर मोठा झाला." ते झाडाच्या बुंध्याला टेकले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "निंगाच्या आंधी मी अकोल्याले गेलो होतो, त्याले भेटाले. म्हनलं, उस्ताद, पोरीचं बाळंतपन हाय, जाऊन येतो. दोन वाजव. त्यानं एक वाजवली."

मी माझी सायकल झाडाला टेकवली.

"मले वाटलं, दुसरी येईन. बसून राहिलो. नाई आली. नुसता पाहे माह्याकडं. जलमभर त्यानं माह्या एका बेलवर भरलेली गाडी थांबवली, भाऊ. भर उन्हात थांबवली, पान्यात थांबवली. काहून म्हनून कधी इचारलं नाई. अन त्यानं उभ्या जिंदगीत पहिल्यांदा एक बेल देल्ली, तं मी उठून इकडं आलो."

इतके दिवस मी त्यांचं ते थांबणं जुन्या नोकरीची खोड समजत होतो. पण साधी गोष्ट होती, माझ्याच ध्यानात आली नव्हती. एका बेलवर ड्रायव्हर थांबतो. कंडक्टर नाही. काकांना ही सवय नोकरीत लागलेलीच नव्हती. अकोल्यातल्या त्या पलंगापाशी ते थांबले नाहीत, म्हणून आता जगातल्या कोणाच्याही घंटीवर ते थांबत होते.

त्या दिवशी मी त्यांना न विचारता सरळ काकूंकडे गेलो. काकू पाय पसरून बसल्या होत्या आणि पायांवर नातीला पालथी घालून तेल लावत होत्या. मी सांगायला लागलो तशा हात न थांबवता म्हणाल्या, "मले काय सांगून राहिला? झाडामागं जाऊन फोन करतेत, मले मालूम हाय. इतके वर्स झाले, पन या मानसाले अजून वाटते का बायकोले काही समजत नाई."

"मंग तुमी काही बोलल्या नाई?"

"त्याईनं म्हनाव म्हनून थांबली होती." त्यांनी बाळाला उताणं केलं. "नाई म्हनत तं मीच म्हनतो आता."

मेघाला कळलं तेव्हा ती बापावर रागावली, मग रडली, आणि संध्याकाळी स्वतःच तिकीट बदलून आली. काका एकटे निघाले. एकट्यानं विमानात बसायची त्यांची ती पहिलीच वेळ. घंटा या वेळी पेटीत नव्हती, हातातल्या पिशवीत टॉवेलमध्ये होती. "कोणी विचारलं तर वाजवून दाखवू नका, बाबा," मेघानं दहादा बजावलं. आत जायच्या दारापाशी ते थांबले आणि नातीकडे बघत राहिले. काकू म्हणाल्या, "जा आता. आमी कुठी पळून जाऊन राहिलो?"

युनूसभाई गेल्याचं मला मेघाकडून कळलं. काकांना फोन केला तर ते एवढंच म्हणाले, "पोचलो होतो मी." पुढे माझी दोन वर्षं संपली आणि थंडीच्या तोंडाला मी अकोल्याला परत आलो. आल्याच्या आठवड्यातच काका दारात हजर. ते दर आठवड्याला अमरावतीहून बसने भाभींची खबर घ्यायला येत असत. आईनं चहा दिला. कप हातात धरून ते बराच वेळ भावकीचं, बाळाचं, काकूंच्या गुडघ्याचं बोलत राहिले. मग आपणहूनच त्या गोष्टीवर आले.

"मी गेलो तं भाभी म्हने, देखो जी, मास्तर आ गए. डोळे उघडे होते त्याचे. वळखलं त्यानं. मी पिशवीतून बेल काढली. बेल काढेपर्यंत माह्या मनात दोनच होत्या, भाऊ. रोज दोन देत होतो ना. पन त्याचं तोंड पाह्यलं, काही राहिलंच नोयतं तोंडात, अन माह्या हातानं एकच वाजवली."

एक बेल. थांबा.

"मंग?"

"मंग काय. तो पाहे माह्याकडं. चमचा होता हातात. वाजवली एक. मले वाटलं, आयकलं यानं. थांबला. मोठं बरं वाटलं मले. अन मंग त्यानं दुसरी वाजवली. लगेच. मधात काही वेळच नाई. पहिले जशी मी देत होतो, तशी."

चहावर साय धरली होती. काकांनी ती बोटानं बाजूला केली, पण प्याले नाहीत.

"दोन रोजानं गेला. सर्व्हिसमधी कधी झालं नोयतं असं. माह्या एका बेलवर गाडी थांबली नाई, हे पहिल्यांदाच."

त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत. आई आतून दारापर्यंत आली होती, ती तशीच मागे फिरली.

थोड्या वेळानं तेच म्हणाले, "तुही ती रेसची सायकल आनली का? चाल मंग, बोरगाव मंजू करून येऊ. खरंखुरं." आम्ही आधी युनूसभाईंच्या घरी गेलो. काका अकोल्यात आले की त्यांचीच जुनी काळी सायकल वापरायचे. भाभी ती त्यांच्यासाठी पुसून ठेवायच्या. तिला घंटीच नव्हती. एसटीची बेल काकांनी तिथेच पलंगाला बांधून टाकली होती. पलंगावर आता धुतलेले कपडे घडी घालून ठेवले होते. भाभींनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "धीरे जाना, मास्तर. रोड पे ट्रका बहोत रहते."

काकांनी पँटला रबर लावलं, एक पाय पायडलवर ठेवला आणि उभे राहिले. माझ्या लक्षात आलं. मी माझी टिचभर घंटी दोनदा वाजवली. काका निघाले.

अमरावती रोडनं शहर मागे पडलं तशी दोन्हीकडे कपाशीची शेतं लागली. बोंडं फुटून पांढरी झाली होती, वेचणाऱ्या बाया मधेच कंबर सरळ करून आमच्याकडे बघत होत्या. काकांची पाठ माझ्यापुढे ताठ चालली होती. ते बोलत नव्हते, स्टॉपही पुकारत नव्हते. बोरगाव थोडंच राहिलं असताना माझं मागचं चाक बसलं. लंडनचं टायर आणि आपल्याकडची बाभूळ, दुसरं काय होणार. मी खाली उतरलो आणि काकांना थांबवायला एकदा घंटी वाजवली. ते थांबणार याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. माझ्याइतका त्या गोष्टीचा अनुभव कोणाला असणार?

काका थांबले नाहीत. त्याच संथ चालीनं पायडल मारत पुढे जात राहिले. एक ट्रक त्यांच्या अगदी जवळून हॉर्न देत गेला, धूळ उडाली, ती खाली बसली आणि काका आणखी लहान झालेले दिसले. शेवटी मी जिवाच्या आकांतानं हाक मारली. तेव्हा ते वळले आणि सायकल हातात धरून चालत परत आले.

"आवाज द्याचा ना," ते म्हणाले.

"बेल देल्ली होती, काका. एक."

"आयकली."

ते उकिडवे बसले आणि टायरवरून सावकाश बोट फिरवू लागले. काटा सापडला. नखात धरून त्यांनी तो ओढून काढला, उन्हात धरून पाहिला आणि कडेच्या नालीत टाकला. मग उठले, माझी पंक्चर सायकल आपल्या हातात घेतली आणि युनूसभाईंची माझ्याकडे दिली.

"एकवर थांबत होतो मी," ते म्हणाले. "पन त्यानं जाताजाता दोन देल्ल्या ना, भाऊ. आता चालतच राहा लागते."